ब्लॅकआउट सांगून साधं कापड लावलं, पाच खोल्यांच्या ब्लाइंड्समध्ये आम्ही कसे फसलो

नवऱ्याला नाईट शिफ्ट असते, तो सकाळी आठला झोपायला जातो. म्हणून नवीन घरात ब्लाइंड्स लावायचे ठरले तेव्हा मी ब्लाइंड्सवाल्याला पहिल्यांदा हेच सांगितलं की बाकी खोल्यांचं काहीही होऊ दे, बेडरूम दिवसा अंधारी झाली पाहिजे. तो म्हणाला "ताई, ब्लॅकआउट टाकतो, भर दुपारी लाईट लावावी लागेल तुम्हाला." ब्लाइंड्स बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला नवरा डोळ्यावर उशी घेऊन पडला होता आणि मी त्याच खोलीत लाईट न लावता औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होते. तेव्हापासून एकेक गोष्ट कळत गेली, आणि कोणी आत्ता घरभर ब्लाइंड्स करायच्या विचारात असेल तर त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

तो माप घ्यायला आला तेव्हा चार जाडजूड कॅटलॉग घेऊन आला होता. दीड तास आम्ही सगळे, सासूबाईसुद्धा, शेड बघत बसलो, हा बेज की तो बेज, भिंतीला कुठला जाईल. आता आठवलं की कळतं की त्या दीड तासात आम्ही फक्त रंग निवडला. कापड कुठलं, ते ज्यावर गुंडाळलं जातं तो वरचा पाइप किती जाड, वर-खाली करायला चेन की विनाचेन, चौकटीच्या आत बसवायचं की बाहेर, हे सगळं त्याने स्वतःच्या सोयीने ठरवलं आणि कागदावर त्यातलं काहीच लिहिलं नाही. कोटेशनवर होतं "रोलर ब्लाइंड, बेज" आणि नग. बस. उद्या भांडायला गेलं तर दाखवायचं काय, कागदावर तर सगळं बरोबरच आहे.

बेडरूमचं आधी सांगते कारण तिथे दोनदा फसवलं. खऱ्या ब्लॅकआउट कापडाला मागून कोटिंगचे थर असतात, त्यातून प्रकाश येतच नाही. आम्हाला लावलं ते डिमआउट, म्हणजे नुसतं घट्ट विणीचं जाड कापड, त्याने उजेड कमी होतो पण जात नाही. नुसतं हातात धरून दोन्ही सारखीच जाड लागतात त्यामुळे घरातल्या उजेडात फरक कळणं अवघड आहे. मोबाईलचा टॉर्च कापडाला मागून चिकटवून धरा, ब्लॅकआउट असेल तर पुढून काळं दिसेल, नाहीतर प्रकाशाचा गोळा दिसतो. एवढीच परीक्षा, दहा सेकंदांची, पण मला ती नंतर कळली. माझ्या सुदैवाने मी रंग लक्षात राहावा म्हणून कॅटलॉगमधल्या सॅम्पलचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला होता, त्यात मागची पांढरी कोटिंगची बाजू आणि कापडाचा कोड दोन्ही आले होते, आणि खिडकीवर लटकलेल्या कापडाला दोन्हीकडून नुसती वीण होती. म्हणजे दाखवलं एक आणि आणलं दुसरं.

दुसरी गोष्ट कापडापेक्षाही जास्त लोकांना माहीत नसते. रोलर ब्लाइंड चौकटीच्या आत बसवला की कापड कधीच चौकटीएवढं रुंद नसतं, दोन्ही टोकांना ब्रॅकेट आणि एका बाजूला चेनचं यंत्र असतं त्यामुळे कापड साधारण तीन ते चार सेंटीमीटर कमी भरतं. तेवढ्या फटीतून दिवसा दोन्ही बाजूंनी प्रकाशाचे उभे पट्टे पडतात, मग कापड कितीही चांगलं असू दे. झोपायच्या खोलीत अंधार हवा असेल तर ब्लाइंड चौकटीच्या बाहेर भिंतीवर हवा, दोन्ही बाजूंना आठ-दहा सेंटीमीटर जास्तीचा आणि वरूनही थोडा चढवून, किंवा मग बाजूला कापड आत सरकेल अशा पट्ट्या लावून घ्यायच्या. आमच्याकडे आत बसवला कारण त्यात कापड कमी लागतं. बिल मात्र कमी झालं नाही.

बिलाचं तर वेगळंच. भांडण झाल्यावर मी स्वतः टेप घेऊन सगळ्या खिडक्या मोजल्या. एक खिडकी ४५ बाय ५२ इंच, म्हणजे सव्वासोळा चौरस फूट, बिलात ती २० धरलेली. विचारलं तर म्हणतो माप पुढच्या पूर्ण फुटाला धरायची पद्धत आहे. असेल पद्धत, पण ती आधी सांगायची असते ना! आणि ज्या छोट्या खिडक्या होत्या, बाथरूमची वगैरे, त्यांना "कमीत कमी एवढे फूट" म्हणून वेगळाच आकडा लावला होता, तोही बिल हातात आल्यावरच कळला. माप घेतानाही त्याने प्रत्येक खिडकी एकदाच मोजली होती. चौकटी सरळ नसतात, आत बसवायचं असेल तर रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यायची आणि सगळ्यात कमी असेल ती धरायची. किचनचा ब्लाइंड त्यामुळेच खाली एका बाजूला घासतो.

आता जे सांगतेय ते पैशाचं नाहीये आणि यावर माझा अजूनही राग शांत झालेला नाही. मी त्याला सांगितलं होतं की मुलगी दोन वर्षांची आहे, तिच्या खोलीत चेन नको. तो हो म्हणाला. फिटिंगच्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते आणि त्याच्या माणसाने तिच्या पलंगाशेजारच्या खिडकीला पार खालपर्यंत लोंबणारी चेन लावली, गोल, बंद, खाली भिंतीला कुठेही न अडकवलेली. लहान मुलाच्या गळ्यात असा फास अडकला तर काही मिनिटांत जीव जातो आणि आवाजसुद्धा येत नाही, शेजारच्या खोलीत आईबाप असतात आणि त्यांना कळत नाही. अमेरिकेत अशा अपघातांमुळेच तयार मिळणाऱ्या ब्लाइंड्सना २०१८ च्या डिसेंबरपासून आणि मापाने बनवलेल्यांनाही १ जून २०२४ पासून मोकळी लोंबती दोरी चालत नाही. आणि इथे मी तोंडाने सांगूनही लावून गेला, वर म्हणतो "ताई, चेन वर गुंडाळून ठेवत जा." मी त्याच संध्याकाळी तो ब्लाइंड काढून ठेवला आणि पलंग खिडकीपासून लांब केला. घरात लहान मूल असेल तर त्या खोलीत विनाचेनचाच घ्या, दुसऱ्या खोलीत चेन असेल तर ती खाली क्लिपने भिंतीला ताणून स्क्रूने पक्की केलेली हवी, आणि तो फिट करून जाईपर्यंत तिथून हलू नका.

बाथरूमसाठी त्याने "वॉटरप्रूफ वुडन" म्हणून व्हेनिशियन, म्हणजे आडव्या पट्ट्यांचा ब्लाइंड दिला. तीन महिन्यांत खालच्या पट्ट्या फुगल्या आणि कडेचा कागद सुटला, आतून दाबलेल्या भुशासारखं काहीतरी निघालं. ना लाकूड, ना वॉटरप्रूफ. पट्टीचं कापलेलं टोक बघायला मागा, रंगाखाली काय आहे ते तिथे दिसतं. वाफेच्या खोलीत पीव्हीसी किंवा अ‍ॅल्युमिनियमच टिकतं. किचनमध्ये आमच्या डोक्यात झेब्रा ब्लाइंड भरवला, एक पट्टा जाड कापडाचा, एक जाळीचा, दिसायला सुंदर, पण फोडणीचा धूर आणि तेल जाळीच्या कापडात बसतं आणि ते धड धुता येत नाही. तिथेही पुसता येणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या हव्या होत्या, आणि गॅसच्या अगदी वर खिडकी असेल तर काहीच लावू नये असं माझं मत.

हॉलच्या मोठ्या खिडकीला त्याने सनस्क्रीन, म्हणजे बारीक जाळीचं कापड दिलं, "बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही." दिवसा खरंय. रात्री आत लाईट लागली की उलट होतं, हे समोरच्या शेजारीणबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. आणि ती खिडकी सात फुटांची आहे, तिला बारीक पाइप घातल्यामुळे पाइप मधे वाकला आणि कापडाला झोळ आला. एवढ्या रुंदीला जाड पाइप लागतो नाहीतर दोन भाग करावे लागतात.

फोन केला, एकदा आला, बघितलं, म्हणाला मापाने बनवलेला माल परत होत नाही. पैसे तर फिटिंगच्या संध्याकाळीच पूर्ण दिले होते, त्याला घाई होती आणि बाहेर अंधार पडला होता, ब्लॅकआउट आहे की नाही हे तेव्हा तपासणार तरी कसं. नंतर फोन घेणं बंद. लेखी तक्रार केली आहे, फोटो आणि बिल जोडून, बघू काय होतं.

दुसऱ्याकडून बेडरूमचा नव्याने केला. यावेळी कापडाचा कोड, ब्लॅकआउट हा शब्द, बाहेरून फिटिंग आणि चौरस फूट कसे धरणार हे सगळं बिलावर लिहून घेतलं, कापडाचा तुकडा त्याच्या सहीसकट ठेवून घेतला, आणि सांगितलं की आधी ही एकच खिडकी करा, दुपारी बारा वाजता बसवा, उरलेले पैसे तेव्हा. तो काही न बोलता तयार झाला. नवरा आता दुपारी तीनपर्यंत झोपतो. मग मुलीच्या खोलीतला विनाचेनचा त्याच्याकडूनच घेतला. बाथरूमचा काढून टाकला, काचेला दुधी फिल्म लावली. हॉलचा झोळ आलेला अजून तसाच आहे, तो एवढ्यात बदलणं जमणार नाही, रात्री लाईट लावायच्या आधी त्यावर जुनी चादर ओढून घेतो.