रीडिंग चॅलेंजसाठी गुडरीड्स की स्टोरीग्राफ? मराठी पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी दोन्हींची पारख

गुडरीड्स आणि स्टोरीग्राफ ही वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणारी ॲप, आणि रीडिंग चॅलेंज म्हणजे वर्षाला किती वाचायचं याचा तिथे केलेला संकल्प. आधी निकाल सांगून टाकतो. पुस्तक शोधायला आणि त्याची नोंद मिळवायला गुडरीड्स. चॅलेंज चालवायला आणि पुढे काय वाचायचं ते ठरवायला स्टोरीग्राफ. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही खाती ठेवण्याचा त्रास फारसा नाही. एकच ठेवायचं असेल आणि वाचनातलं निम्म्याहून जास्त मराठी असेल, तर स्टोरीग्राफ ठेवा. मात्र सुरुवातीला एखादा रविवार आवृत्त्यांच्या नोंदी दुरुस्त करण्यात जाईल, याची तयारी हवी.

गुडरीड्स २००७ साली सुरू झालं, २०१३ मध्ये ॲमेझॉननं ते विकत घेतलं. वार्षिक चॅलेंज २०११ पासून आहे आणि त्याचा गाभा तोच राहिला आहे. वर्षाला किती पुस्तकं वाचणार तो आकडा टाकायचा, पुस्तक संपलं की ‘रीड’ करायचं, पट्टी पुढे सरकते. आकडा वर्षभरात कधीही बदलता येतो. स्टोरीग्राफ हे नादिया ओडुनायो या ब्रिटिश प्रोग्रॅमरनं २०१९ मध्ये हाती घेतलेलं आणि बराच काळ एकटीनं बांधलेलं काम. तिथे पुस्तकांचं, पानांचं आणि ऑडिओच्या तासांचं अशी तीन वेगळी उद्दिष्टं लावता येतात. नियोजनाच्या दृष्टीनं या एका फरकाला मी सगळ्यात जास्त गुण देतो.

कारण नुसती पुस्तकं मोजण्यात एक खोट आहे. ८० पानांचा कवितासंग्रह एक आणि ७०० पानांची कादंबरीही एकच. वर्षाला २४ पुस्तकं असा संकल्प केला, तर गुडरीड्स साधा भागाकार करतं: दर १५ दिवसांना एक. रोज २० पानं या वेगानं ७०० पानांना ३५ दिवस लागतात. तोवर पट्टीवर तुम्ही दोन पुस्तकं मागे पडलेले दिसता, खरं तर रोजचं वाचन नेमानं चालू असूनही. याचा परिणाम ऑगस्ट-सप्टेंबरनंतर दिसतो. जाड पुस्तकं मागे सरकतात, बारीक पुस्तकं निवडली जातात आणि डिसेंबरमध्ये लघुकथासंग्रहांची झुंबड उडते. चॅलेंज पुरं होतं, पण वाचायची होती ती पुस्तकं तशीच राहतात.

त्यापेक्षा पानांचं उद्दिष्ट धरा. सरासरी २५० पानांची २४ पुस्तकं म्हणजे ६,००० पानं, म्हणजे दिवसाला साधारण साडेसोळा. हा आकडा हातातल्या पुस्तकाच्या जाडीवर अवलंबून नसतो. पहिल्या वर्षी मात्र आपला खरा वेग मोजूनच उद्दिष्ट लावा. आठवडाभर रोज किती पानं होतात ते लिहा, सात दिवसांची सरासरी काढा आणि तिच्यातून पाचवा हिस्सा वजा करा. परीक्षा, लग्नसराई, आजारपण, गावी जाणं हे सगळं त्या पाचव्या हिश्शातून निघतं. डेमी या नेहमीच्या आकाराच्या पुस्तकाचं एक पान आणि खिशात मावणाऱ्या पुस्तकाचं एक पान यात फरक आहेच, पण वर्षभरात तो बराचसा भरून निघतो.

दिवाळी अंकांत तो भरून निघत नाही. अंकाचं पान मोठं, बहुतेकदा दोन रकान्यांचं. पुस्तकाच्या हिशेबात ते सहज दोन पानांचं भरतं. त्यात मध्ये जाहिराती. शिवाय गुडरीड्स नियतकालिकांना पुस्तक मानत नाही, त्यामुळे ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर या काळात चार-पाच अंक मन लावून वाचणाऱ्या माणसाच्या खात्यावर त्या महिन्यांत शून्य दिसू शकतं. १९०९ पासून अंकांची परंपरा असलेल्या भाषेतल्या वाचकासाठी ही उणीव किरकोळ नाही. यावर उपाय नियोजनातच करावा लागतो: वर्षाच्या उद्दिष्टाचा मोठा भाग पहिल्या नऊ महिन्यांत बसवा. ६,००० पानं ठरवली असतील तर सप्टेंबरअखेरीस ५,००० व्हायला हवीत, म्हणजे रोजची पानं साडेसोळा नव्हे, १८ ते १९. पुढचे तीन महिने अंकांना मोकळे राहतात, आणि उरलेली हजार पानं निवांत होतात.

आता नोंदींकडे, कारण मराठी वाचकाचं घोडं इथेच पेंड खातं.

शोधताना नावानं शोधू नका, आयएसबीएननं, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकानं, शोधा. मुखपृष्ठाच्या मागे किंवा आतल्या श्रेयपानावर १३ आकडे असतात (भारतीय पुस्तकांचे ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारे), ते मधल्या आडव्या रेघा वगळून टाका. दोन्ही ॲपमध्ये बारकोड स्कॅन होतो, पण बारकोडच नसलेली मराठी पुस्तकं पुष्कळ. २००७ पूर्वीच्या पुस्तकांवर दहा आकडी क्रमांक असतो. त्याच्या सुरुवातीला नुसतं ९७८ लावलं की काम होत नाही, कारण शेवटचा तपासणीचा आकडा बदलतो. मूळ क्रमांकाचे पहिले नऊ आकडे घ्या, त्यांच्या सुरुवातीला ९७८ लावा, मिळालेल्या बारा आकड्यांना डावीकडून आळीपाळीनं १ आणि ३ ने गुणून बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा दहातून वजा केला की तेरावा आकडा मिळतो, आणि बेरजेचा शेवटचा आकडा शून्य असेल तर तेरावाही शून्यच. त्याहून जुन्या पुस्तकांवर क्रमांकच नसतो. मग नावानं शोधण्यावाचून इलाज नाही.

नावानं शोधायचं तर एकच पुस्तक तीन-चार रूपांत पडलेलं असतं, हे गृहीत धरा. खांडेकरांची ‘ययाति’ घ्या. नाव जुन्या लेखनाप्रमाणे ऱ्हस्व, आजच्या सवयीनं टाइप करणारा दीर्घ लिहितो आणि शोध हुकतो. लेखकाचं नाव कुठे रोमन आद्याक्षरांत, कुठे ‘वि. स.’, कुठे ‘विष्णु सखाराम’. भाषांतरांच्या आवृत्त्या आणखी वेगळ्या. म्हणून आधी देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही करून पाहा, नंतर रोमनमध्ये, आणि शेवटी लेखकाच्या नावावरून त्याच्या पुस्तकांची यादी उघडा. हा तिसरा मार्ग सर्वात कमी फसतो.

नोंद सापडलीच नाही तर गुडरीड्सवर लायब्रेरियन स्वयंसेवकांच्या गटात विनंती टाकणं हा खात्रीचा मार्ग आहे. विनंतीत शीर्षक, लेखक, प्रकाशक, प्रकाशनाचं वर्ष, पृष्ठसंख्या, बांधणी, आयएसबीएन असेल तर तो आणि मुखपृष्ठाचा नीट फोटो द्या. अर्धवट विनंत्या पडून राहतात. स्टोरीग्राफवर सापडलं नाही तर पुस्तक स्वतःच भरता येतं. तिथे सर्वाधिक चुकणारी जागा म्हणजे पृष्ठसंख्या. ती रिकामी राहिली तर पुस्तक संपलं तरी पानांचं उद्दिष्ट जागचं हलत नाही. बऱ्याच जणांची ‘ॲप मोजतच नाही’ ही तक्रार प्रत्यक्षात एवढ्याचीच असते. संपवल्याची तारीखही तपासा. दोन्हीकडे मोजणी त्या तारखेवर चालते. तारीख रिकामी असेल तर पुस्तक चॅलेंजमध्ये येत नाही, आणि जुनं कपाट एकदम चढवताना चुकून यंदाची तारीख पडली तर जानेवारीतच शंभर पुस्तकं वाचून झालेली दिसतात.

गुडरीड्सवरून स्टोरीग्राफवर यायचं असेल तर ‘माय बुक्स’मधल्या ‘इम्पोर्ट अँड एक्सपोर्ट’मधून सीएसव्ही फाइल (तक्त्याच्या रूपातली साधी मजकूर फाइल) काढायची आणि ती जशीच्या तशी स्टोरीग्राफला द्यायची. मध्ये एक्सेलमध्ये उघडून जतन करू नका. दुहेरी क्लिक करून उघडलं की देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हं येऊ शकतात, आणि तशीच जतन झाली की मूळ नावं गेलीच. पाहायचीच असेल तर एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून फाइल आत घ्या आणि युनिकोड यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सरळ गूगल शीट्समध्ये उघडा. शिवाय या फाइलमध्ये पुस्तक सुरू केल्याची तारीख येत नाही, आणि पुन्हा पुन्हा वाचलेल्या पुस्तकाची एकच तारीख येते. दरवर्षी एखादं लाडकं पुस्तक वाचण्याचा रिवाज असेल तर त्या तारखा हातानं भराव्या लागतील. आयात झाल्यावर मराठी पुस्तकं एकेक करून उघडा आणि आवृत्ती बरोबर आहे ना पाहा. मराठी मूळ पुस्तकाच्या जागी इंग्रजी भाषांतर चिकटणं ही नेहमीची गोष्ट आहे. ‘एडिशन्स’मध्ये जाऊन आवृत्ती बदलता येते.

पुढे काय वाचायचं यासाठी दोन्हीकडे शिफारशी आहेत, आणि मराठीसाठी दोन्ही जवळपास निरुपयोगी. स्टोरीग्राफ पुस्तकाचा मूड, गती, कथानकावर भर की पात्रांवर अशा खुणांवरून सुचवतं. त्या खुणा वाचकांनी भरलेल्या नोंदींतून येतात, आणि मराठी पुस्तकांवर अशा नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वाचून झाल्यावर त्या खुणा भरल्या तर पुढच्या वाचकाचं भलं होईल, पण आज त्यावर विसंबून राहू नका.

कामाचं आहे ते ‘अप नेक्स्ट’. वाचायच्या यादीतून फक्त पाच पुस्तकं पुढच्या रांगेत ठेवायची. दोनशे पुस्तकांची यादी पाहून माणूस काहीच उचलत नाही. पाचांतून उचलतो. या पाचांत ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक सर्वात वर असावं, कारण त्यालाच परतीची तारीख असते. एक जाड असावं, तेही रोजच्या २० पानांतली दहा पानं त्याला देण्याच्या बोलीवर. एक असं असावं की जे प्रवासात चालेल. उरलेल्या दोन जागा मोकळेपणानं भरा, पण दोन महिने रांगेत बसलेलं पुस्तक बाहेर काढा. ते इतक्यात वाचलं जाणार नाही. अर्धवट सोडलेल्या पुस्तकासाठी स्टोरीग्राफमध्ये वेगळी खूण आहे, कोणत्या पानावर सोडलं तेही नोंदवता येतं. तिचा वापर करायला लाजू नका. ‘करंटली रीडिंग’मध्ये वर्षभर लटकलेली चार पुस्तकं नियोजनाचा सगळा हिशेब बिघडवतात.

स्वतःचं चॅलेंज बांधण्याची सोय ही स्टोरीग्राफची दुसरी मोठी जमेची बाजू. तयार चॅलेंजेस पुष्कळ आहेत, पैकी स्टोरीग्राफचंच दहा देशांचं ‘रीड्स द वर्ल्ड’ मराठी अनुवादांच्या आधारे थोडंफार जमवता येतं. इंग्रजीत गाजलेलं, बुक रायट या संकेतस्थळाचं २४ कलमांचं ‘रीड हार्डर’ मात्र अमेरिकन बाजारपेठ समोर ठेवून रचलेलं असतं, आणि गुडरीड्सची अलीकडची हंगामी चॅलेंजेस ठरावीक यादीतली पुस्तकं मागतात. त्या यादीत मराठी शोधत बसू नये.

त्यापेक्षा बारा कलमांचं आपलं बनवा. एक साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त मराठी पुस्तक (१९५५ पासूनची यादी अकादमीच्या संकेतस्थळावर आहे), एक दलित आत्मकथन, एक मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडीतलं, एक नाटकाची संहिता, कन्नड किंवा बंगालीतून आलेला एक अनुवाद, गोव्यातल्या लेखकाचं एक, विज्ञानावरचं एक, असं. कलम लिहिण्याआधी त्यात बसणारी किमान तीन पुस्तकं मिळतात का, हे ग्रंथालयात आणि दुकानात विचारून घ्या. इथेच बहुतेक चॅलेंजेस फसतात. कविता, नाटक आणि जुनी प्रवासवर्णनं यांच्या आवृत्त्या संपलेल्या असतात, आणि ऑक्टोबरमध्ये ते कळलं तर उपयोग नाही. एकच पुस्तक दोन कलमांत चालेल की नाही, तेही जानेवारीतच ठरवा.

मित्रमंडळींसोबत वाचायचं असेल तर स्टोरीग्राफचं ‘बडी रीड’ चांगलं आहे. तुम्ही तिथवर पोचल्याशिवाय दुसऱ्याचा शेरा उघडत नाही. गटात वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर पानांऐवजी टक्क्यांत प्रगती नोंदवा, नाहीतर शेरे भलत्याच जागी उघडतात.

ऑडिओ ऐकणाऱ्यांनी स्टोरीटेलसारख्या ठिकाणच्या मराठी पुस्तकांसाठी ऑडिओची वेगळी आवृत्ती लावावी आणि कालावधी मिनिटांत भरावा. छापील आवृत्ती लावून ऐकलं तर पानं फुकट वाढतात. तासांचं उद्दिष्ट वेगळं ठेवलं की दोन्ही हिशेब स्वच्छ राहतात.

बाकीचं थोडक्यात: गुडरीड्सवर तारे पूर्णच द्यावे लागतात, स्टोरीग्राफवर पाव ताऱ्यापर्यंत देता येतात. मराठी इंटरफेस दोन्हीकडे नाही. किंडलवर वाचणाऱ्यांची नोंद गुडरीड्सशी जोडता येते, स्टोरीग्राफवर ती हातानं करावी लागते. स्टोरीग्राफची ‘प्लस’ ही सशुल्क योजना आकडेवारीची हौस असलेल्यांसाठी आहे. वर सांगितलेल्या कुठल्याही कामाला ती लागत नाही.