हेल्मेटमधलं ब्लूटूथ : ९ महिने, १४ हजार किलोमीटर

वाईहून शिरवळला रोज मोटारसायकलने कामाला जातो. एका बाजूचे पस्तीसेक किलोमीटर, गाडी १२५ सीसीची. गेल्या जूनमध्ये, पाऊस तोंडावर आला असताना, हेल्मेटला लावायचं ब्लूटूथ घेतलं, म्हणजे फोनवरचं गाणं, नकाशा आणि कॉल हेल्मेटमधल्या स्पीकरवर ऐकवणारं यंत्र. साडेचार हजार रुपये पडले. तेव्हापासून साधारण १४ हजार किलोमीटर झाले आहेत. घेताना मी जेवढे अनुभव वाचले, ते सगळे पहिल्या आठवड्यातले होते. म्हणून एवढे दिवस थांबून हे लिहितोय.

त्याआधी दोन वर्षं इअरबड घालून गाडी चालवत होतो. हेल्मेट डोक्यात सरकवलं की उजव्या कानातला बड हटकून निम्मा बाहेर यायचा. मग हेल्मेट काढा, बड दाबा, पुन्हा घाला. तेही चालवून घेतलं असतं, पण मे महिन्यात रात्री आडवं झालं की कानात बारीक शिट्टी वाजायला लागली. पंखा बंद केला तरी ती थांबेना. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख काढला. रेघ सगळीकडे जवळजवळ सपाट आणि ४००० हर्ट्झपाशी दोन्ही कानांत खड्डा, म्हणजे त्या उंच सुराला ऐकू कमी येतं. डॉक्टर म्हणाले, हा खड्डा मोठ्या आवाजाचा. कामाला कुठे आहात? मी म्हटलं, प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून भाग काढतात तिथे, पण तिथे कानात प्लग घालणं सक्तीचं आहे, मी कधीच चुकवत नाही. त्यावर त्यांनी विचारलं, "मग येता-जाता काय करता?"

दुसऱ्या दिवशी आमच्या सेफ्टीवाल्या साहेबांकडे बसून हिशेब समजून घेतला. आपल्याकडे कारखान्यात ८ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा. अमेरिकेतली निओश ही कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणारी संस्था त्याहून कडक आहे, ती ८ तासांना ८५ सांगते आणि वर चढणाऱ्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचा आवाज नव्वदीच्या घरात जातो. साधारण ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे इंजिनापेक्षा वाराच मोठा ऐकू येतो. त्यावर गाणं ऐकू यावं म्हणून आपण आणखी आवाज वाढवतो. प्रेस शॉपमध्ये ज्या कानांना मी इतकं जपत होतो, तेच कान रोज दोन वेळा त्याहून मोठ्या आवाजात नेत होतो. हे कळलं त्या दिवशी इअरबड खणात ठेवले.

हेल्मेटमधले स्पीकर चपटे असतात, माझे ४० मिलिमीटरचे आहेत. ते कानात जात नाहीत, कानासमोर बसतात. बसवण्याची जागा फार महत्त्वाची, हे कुठल्या माहितीपत्रकात नीट लिहिलेलं नसतं. मी पहिल्यांदा गालाच्या गादीला लागून बसवले, तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. वस्तू टाकाऊ आहे असं वाटून परत करणार होतो. मग हेल्मेट घालून, आरशात बघून, कानाचं भोक नेमकं कुठे येतं त्यावर खडूने खूण केली आणि स्पीकर बोटभर वर-मागे सरकवले. त्यांच्या मागे वेल्क्रोची एक जादा चकती लावली, म्हणजे ते कानाच्या जवळ आले, पण टेकले नाहीत. त्याच स्पीकरमधून त्याच आवाजाला गाणं भरल्यासारखं यायला लागलं. आवाज तीन घरं कमी करूनही पुरला. या खटपटीला तासभर लागतो, तो द्याच.

हेल्मेटमध्ये कानापाशी खोलगट जागा असेल तरच हे घ्या. आमच्या लाइनवरच्या एकाने जागा नाही म्हणून आतला थर्माकोल ब्लेडने कोरला. पडल्यावर डोक्याला बसणारा दणका तो थर्माकोल स्वतः चेपून घेतो. तोच कोरला तर आयएसआयच्या शिक्क्याला काही अर्थ राहत नाही. त्याला हेल्मेट बदलायला लावलं.

आता गाण्याबद्दल. वाई ते सुरूर फाटा हा वडांचा रस्ता, तिथे मी चाळीस-पंचेचाळीसच्या वर जात नाही. या पट्ट्यात संगीत खरोखर ऐकू येतं. सकाळी ख्याल लावला तर तानपुरा मागे नीट भरलेला असतो, डग्ग्याचा घुमारा गालापर्यंत जाणवतो. फाट्यावर हायवेला लागलो, काटा सत्तरकडे गेला, की सगळ्यात आधी तानपुरा जातो. मग डग्गा जातो. उरते ती तबल्याची चाट आणि गायकाच्या वरच्या पट्टीतल्या जागा. वाऱ्याची घूं खालच्या सुरातली असते, ती बरोबर तेच सूर झाकते. आपल्याला वाटतं स्पीकरला बेस नाही, आणि बोट आवाजाच्या बटणावर जातं. बोट तिथे जाऊ द्यायचं नाही, एवढं मी स्वतःला शिकवलं आहे. हायवेला ढोलकीची लावणी किंवा टाळ-मृदंगाचं भजन लावतो. विलंबित ख्याल वाऱ्याशी झगडत ऐकण्यात त्या गाण्याचाही अपमान आहे असं मला मनापासून वाटतं.

यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट मात्र ब्लूटूथची नाहीच. कंपनीत मिळतात तसे फोमचे प्लग मी आता हायवेला कानात घालतो आणि त्यावर हेल्मेटचे स्पीकर. ऐकायला उलटं वाटतं. प्लग वारा आणि गाणं दोन्ही खाली आणतो, पण वाऱ्याची ती सततची घूं खाली गेली की डोकं शांत होतं आणि बोलण्याचे शब्द जास्त स्वच्छ कळतात. हॉर्नही ऐकू येतो, कारण तोही वाऱ्याच्या वर तेवढाच उठून राहतो. प्लग नुसता कोंबायचा नसतो. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. पहिल्या आठवड्यातच घरी पोचल्यावर फरक कळला. पूर्वी संध्याकाळी मुलगी काही सांगायला आली की मी दोनदा "काय?" म्हणायचो, ते थांबलं.

संगीत कुठे बंद करायचं हेही या महिन्यांत ठरत गेलं. जाताना वेळे गाव आलं की बंद. पुढे खंबाटकीचा बोगदा, त्यात कंटेनरचा एक हॉर्न चारही बाजूंनी येतो, आणि बाहेर पडल्या पडल्या उतारावर ते एस वळण. येताना बोगद्याऐवजी घाट चढायचा असतो, तिथेही पायथ्यापासून माथ्यापर्यंत काही लावत नाही. पुढच्या ट्रकने गिअर टाकताना इंजिनाचा आवाज पडतो, तेव्हा तो आता रेंगाळणार हे कळतं. मागच्याच्या एअरब्रेकचा फुस्कारा आला की तो किती जवळ आहे याचा अंदाज येतो. पावसाळ्यात टायरखालच्या पाण्याचा आवाज बदलतो, तोही मला हवा असतो. घाटात कानांचंही काम असतं.

हे शिकायला सप्टेंबर उजाडला. त्या वेळी हायवेभर सलग काही ना काही लावलेलं असायचं. एका संध्याकाळी चार्जिंग संपलं म्हणून शांततेत निघालो, तर खालून कटकट कटकट. सुरूर फाट्यावरच्या मिस्त्रीने गाडी डबल स्टँडवर घेतली, चेन दोन बोटांनी वर उचलली, तर ती चांगलीच वर आली. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचे, दात माशाच्या काट्यासारखे झाले होते. "दादा, पंधरा दिवस तरी वाजत असणार ही. आवाज नाही आला?" चेन-स्प्रॉकेट सेट बदलला. तेव्हापासून रोजची पहिली दोन किलोमीटर मी मुद्दाम काही न लावता जातो, गाडी ऐकत.

नकाशाचा आवाज हा मोठा फायदा. गूगल मॅप मराठीत बोलतं, अनोळखी रस्त्यावर नजर खाली फोनकडे न्यावी लागत नाही. गाडीवर फोन घेणं मात्र मी बंद केलं. या यंत्रात कॉल आपोआप उचलण्याची सोय चालूच असते. एकदा भर घाटात बायकोचा फोन आपसूक उचलला गेला. वाऱ्याचा आवाज ऐकून ती म्हणाली, "अहो, गाडीवर आहात ना? मग ठेवा आधी." तिचं बरोबर होतं. रस्ता दिसत असूनही त्या दहा-बारा सेकंदांत मी रस्त्यावर नव्हतो. त्या रात्रीच ती सोय बंद केली.

कायद्याचं थोडक्यात : चालवताना हातात फोन धरणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक चालवण्यात स्पष्टपणे धरलं आहे. हे यंत्र हातात येत नाही. तरी शहरात मी ते बंदच ठेवतो. कुणी अडवलं तर वाद घालण्यासारखं त्यात काही नाही.

तक्रारी आहेत. चालू केलं की आवाज दर वेळी स्वतःहून मोठ्यावर जातो, आधीचा लक्षात ठेवत नाही. त्यामुळे हेल्मेट घालण्याआधी चालू करून आवाज खाली आणतो. आवाजाचं आणि पुढच्या गाण्याचं बटण एकच, थोडं दाबलं तर एक, धरून ठेवलं तर दुसरं. हातमोजे घातले की हमखास चुकतं. चार्जिंगच्या तोंडावरचं रबराचं झाकण जुलैत एकदा नीट बसलं नव्हतं, पाणी शिरलं आणि पिना हिरव्या पडल्या. वॉरंटीत बदलून मिळालं, पण १९ दिवस लागले आणि चार फोन करावे लागले. डब्यावर १२ तास लिहिलंय, सुरुवातीला ९ मिळायचे, आता ७. मला ते दोन-अडीच दिवस पुरतात.

दुकानात गेलात तर आपले हातमोजे घेऊन जा आणि ते घालून, न बघता बटणं सापडतात का ते पाहा. आवाज लक्षात ठेवतं का, तेही दोनदा बंद-चालू करून बघा. बाकी आकडे बाजूला ठेवा.

शिट्टी अजून आहे, पण रोजची राहिलेली नाही. रविवार-सोमवार तर बहुतेक नसतेच. मे महिन्यात पुन्हा ऑडिओग्राम काढणार आहे. खड्डा भरून निघत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. तो आहे तेवढाच राहिला का, ते तेव्हा याखाली लिहीन.