मांस आणि निखारा यांच्यामध्ये काय? बॅरल कुकर, वॉटर स्मोकर आणि बाकीचे

चार-पाच किलोचा अख्खा तुकडा कोळशावर, धुरात, सावकाश शिजवायचा म्हटलं की आधी यंत्राची शोधाशोध सुरू होते. पत्र्याची जाडी किती, जाळ्या किती, झाकणावर थर्मामीटर आहे का, या सगळ्याची चौकशी होते. यातलं काहीही विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: मांस आणि निखारा यांच्यामध्ये काय आहे? बॅरलमध्ये, म्हणजे मांस आत लटकवायच्या ड्रमच्या कुकरमध्ये, काहीच नाही. वॉटर स्मोकरमध्ये पाण्याची परात आहे. झाकणाच्या गोल केटल ग्रिलमध्ये आडवं अंतर आहे, कामाडोत, म्हणजे जाड सिरॅमिकच्या भट्टीत, सिरॅमिकची तबकडी आणि विस्तवाची पेटी बाजूला असलेल्या ऑफसेट स्मोकरमध्ये लोखंडी भिंत. चव, वेळ, कोळशाचा खर्च आणि तुमची झोप, सगळं या मधल्या गोष्टीवर ठरतं.

माझा कौल आधीच देऊन टाकतो. पोर्क शोल्डर, बरगड्या, मेंढीची मांडी आणि अधूनमधून अख्ख्या कोंबड्या, तेही दिवसाउजेडी पेटवून संध्याकाळी वाढायचं, असा बेत असेल तर बॅरल. अख्खी ब्रिस्केट (बीफच्या छातीचा मोठा तुकडा) हेच मुख्य काम असेल किंवा रात्री पेटवून झोपायचं असेल तर वॉटर स्मोकर. घरात केटल ग्रिल आधीच असेल तर निदान काही महिने काहीच घेऊ नका.

बॅरलमध्ये नेमकं काय होतं

तळाशी कोळशाची टोपली, तिच्या खालच्या अंगाला हवेचं भोक, वर दोन आडव्या सळया आणि त्यांना आकड्यांनी लटकवलेलं मांस. रचना एवढीच. आडोसा नसल्यामुळे निखाऱ्याची धग सरळ वर येते, आणि मांसातून सुटणारी चरबी थेंबाथेंबाने निखाऱ्यावर पडते. थेंब पडला की चर्र होतं, त्याची वाफ होते आणि ती वर चढून पुन्हा मांसालाच लागते. बॅरलमधल्या मांसाला जी ओळखू येणारी चव असते ती लाकडाच्या धुराइतकीच या चरबीच्या धुराचीही असते. म्हणून बॅरलमध्ये लाकडाचे तुकडे बेताने घाला. दोन पुरतात, वॉटर स्मोकरच्या सवयीने चार-पाच घातले तर चव कडवट होते.

चरबी थेट निखाऱ्यावर पडूनही भडका का उडत नाही? कारण आत प्राणवायू मोजकाच येतो. झाकण बंद आहे तोवर चरबी धुमसते, पेटत नाही. झाकण उघडून मिनिटभर कौतुकाने बघत उभं राहिलात की टोपलीला हवं ते मिळतं. आधी आतलं तापमान पडतं, झाकण लावल्यावर ते पहिल्यापेक्षा वर जातं, आणि खाली लोंबणारं टोक काळं पडायला लागतं. बॅरल बिघडवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सारखं डोकावणं.

बॅरल साधारण १२५ ते १५० अंश सेल्सिअसमध्ये रमतो. त्याला ओढूनताणून १०७ वर बसवता येतं, पण मग हवा इतकी कोंडावी लागते की धूर कोंदट आणि पांढरट होतो. ज्यांना ‘मंद म्हणजे ११० च्या वर नाही’ असा हट्ट आहे त्यांनी बॅरलच्या वाटेला जाऊ नये. तसा हट्ट धरायचं कारण मात्र मला फारसं पटत नाही. पोर्क शोल्डरसारख्या चरबीदार तुकड्याला १३५ अंश छान मानवतात. चार किलोचा शोल्डर बॅरलमध्ये सहा ते आठ तासांत होतो, ११० अंशांवर त्यालाच दहा ते चौदा तास लागू शकतात.

पाण्याची परात काय करते

बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या वॉटर स्मोकरमध्ये कोळसा खाली, परात मध्ये आणि जाळ्या वर असतात. या प्रकारातलं सगळ्यात ओळखीचं नाव वेबर स्मोकी माउंटन. तो १९८१ पासून बाजारात आहे. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. जास्तीची उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होते, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात. त्यामुळे निखारा थोडा चढला तरी आतलं तापमान लगेच उसळत नाही. १०७ ते १२१ च्या पट्ट्यात हा स्मोकर तासन् तास बसून राहतो. किंमत कोळशात मोजायची: मांसाबरोबर तुम्ही एक परात पाणीही उकळत असता.

परातीमुळे खालून थेट धग लागत नाही, म्हणून ब्रिस्केटचा पातळ भाग वाचतो. चरबी मात्र परातीत पडते, म्हणजे तो चरबीचा धूर गेला. शिवाय आत दमट असल्यामुळे वरची खरपूस साल उशिरा धरते. काही जण परात कोरडी ठेवतात किंवा तिच्यात वाळू भरतात. तसं केलं की तापमान वर जातं, साल लवकर येते आणि पाण्याने दिलेलं स्थैर्य थोडं हातचं जातं. दोन्ही टोकं जमवून देणारी परात अजून कुणी बनवलेली नाही.

साफसफाईचंही बोलायला हवं, कारण विकणारे ते बोलत नाहीत. बॅरलमध्ये चरबी बरीचशी जळून जाते, राख झाडली की झालं. वॉटर स्मोकरच्या परातीत दुसऱ्या दिवशी गार, तपकिरी, थिजलेल्या चरबीचा थर असतो आणि तो मोरीत ओतायचा नसतो. परातीला आधी फॉईलचं अस्तर लावलं तर निम्मा त्रास वाचतो.

ब्रिस्केट लटकवावी का?

बॅरलची खरी परीक्षा इथे आहे. शोल्डर हा जाडजूड, सगळीकडून सारखा गोळा. त्यात दोन आकडे खोल रुतवले की तो निमूट लटकतो. ब्रिस्केट एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड, चरबीदार असते. पातळ टोक खाली सोडलं तर ते निखाऱ्याच्या जवळ येतं आणि सुकतं. जाड टोक खाली सोडलं तर अख्खं वजन वरच्या पातळ भागावर येतं, आणि तोच भाग मऊ होत गेला की आकडा लोण्यातून सुरी जावी तसा मांसातून उतरतो. मग पाच किलोची ब्रिस्केट निखाऱ्यात.

यावरचा चालणारा तोडगा असा: जाड टोक खाली, वर दोन आकडे थोड्या अंतरावर आणि कडेपासून चांगले दोन-तीन बोटं आत. मांसाच्या आतलं तापमान ७० च्या आसपास आलं आणि साल पक्की झाली की ती उतरवायची, बुचर पेपरमध्ये, म्हणजे मांस बांधायच्या जाड कागदात, घट्ट गुंडाळायची आणि उरलेला वेळ जाळीवर आडवी ठेवून काढायचा. म्हणजे आकड्यांवरचा मुक्काम ती मऊ पडण्याआधीच संपतो. हे जमतं, चवही सुंदर येते. पण ज्या यंत्रात अर्ध्यातून मांडणी बदलावी लागते ते त्या कामासाठी पहिल्या पसंतीचं नव्हे. आणि बॅरलमध्ये सुरुवातीपासूनच जाळी वापरायची असेल, तर मग बॅरल घेतलाच कशाला?

बरगड्यांचं उलट आहे. लटकवल्या की एकेक फळी उभी मावते, जाळीवर दोन-तीन बसतात तिथे आकड्यांवर आठही बसतात, आणि चारही बाजूंनी सारखा धूर लागतो.

अडलेला पारा

कुठलंही यंत्र घ्या, मोठ्या तुकड्याच्या आतलं तापमान ६५ ते ७५ च्या दरम्यान कुठेतरी अडून बसतं. तास जातो, दोन जातात, काटा ढिम्म. नवखा माणूस इथे घाबरून हवेची भोकं उघडतो. प्रत्यक्षात मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत असतं आणि त्या बाष्पीभवनाने तुकडा गार होत असतो, घामाने अंग गार होतं तसाच. वॉटर स्मोकरमध्ये हा मुक्काम लांबतो, कारण आच कमी आणि हवा दमट. बॅरलमध्ये आच जास्त, त्यामुळे लवकर सुटका होते. कागदात किंवा फॉईलमध्ये गुंडाळलं तर बाष्पीभवनच थांबतं आणि पारा पुन्हा चढू लागतो. फॉईल जास्त वेगवान, पण सालीचा लगदा करते. कागद थोडा श्वास घेऊ देतो.

शेवट मात्र घड्याळ बघून ठरवू नका. शोल्डर आणि ब्रिस्केट दोन्ही ९३ ते ९६ अंशांच्या आसपास होतात, कारण तिथवर जाईतो त्यांच्यातल्या चिवट कोलॅजनचं जिलेटिन झालेलं असतं. सळई किंवा थर्मामीटरची सुई आत विनासायास शिरली की झालं. मेंढीची मांडी कापून खायची असेल तर तिला एवढं नेण्याची गरज नाही. आणि झाकणावरचा काटा मांसाचं नव्हे, झाकणाजवळच्या हवेचं तापमान सांगतो. म्हणून यंत्र स्वस्तातलं घ्या, पण मांसात खुपसायचा थर्मामीटर चांगला घ्या. बॅरलमध्ये तर खालचं टोक आणि वरचं टोक यांत बराच फरक पडतो. मापायचं ते सगळ्यात जाड जागी.

बाकीचे तिघे, थोडक्यात

केटल ग्रिलचा जन्म १९५२ चा. जॉर्ज स्टीफन यांनी धातूच्या बोयाचे दोन भाग करून ती बनवली. मोठ्या तुकड्यासाठी तिच्यात कोळशाच्या विटा (ब्रिकेट) कडेने अर्धवर्तुळात रचायच्या आणि एका टोकाला पेटवायच्या. विस्तव विटेमागून वीट खात पुढे सरकतो, मांस विरुद्ध बाजूला. एक शोल्डर सहज होतो. दोन व्हायला जागा नाही.

कामाडोची जाड सिरॅमिक भिंत उष्णता धरून ठेवते, त्यामुळे कोळसा कमी लागतो आणि हवाही कमी खेळते, म्हणून मांस रसदार राहतं. दोष त्याच गुणातून येतो: एकदा तापमान वर गेलं की खाली यायला फार वेळ लागतो. आणि तो जड असतो, पडला तर तडकतो. ऑफसेट ही लाकडाच्या ओंडक्यांची दुनिया. धूर सर्वांत स्वच्छ आणि देखणा, पण दर अर्ध्या-पाऊण तासाला लाकूड घालायला तिथे हजर राहायला हवं. पातळ पत्र्याचा, फटीफटींतून धूर सोडणारा स्वस्त ऑफसेट घेण्यापेक्षा न घेतलेला बरा.

कोळसा आणि झोप

बॅरलच्या टोपलीत साडेतीन-चार किलो विटा भरल्या तर साधारण सात-आठ तास निघतात. विटा म्हणतोय, कारण सुट्ट्या लाकडी कोळशाचे तुकडे लहानमोठे असतात आणि आच तशीच लहानमोठी होते. सगळा कोळसा एकदम पेटवू नका. थोडा चिमणी स्टार्टरमध्ये, म्हणजे कोळसा पेटवायच्या धातूच्या नळकांड्यात, पेटवून न पेटलेल्यावर ओता, तो वरून खाली हळूहळू धरत जातो. वॉटर स्मोकरचा कोळशाचा कप्पा मोठा आणि आच कमी, त्यामुळे भरगच्च भरला तर रात्र काढतो. बॅरलमध्ये शोल्डर उशिरा चढवला तर मांस होण्याआधी कोळसा संपू शकतो, आणि लटकलेल्या मांसाखाली कोळसा भरणं हे कसरतीचं काम आहे. सकाळी सातला पेटवा, हा प्रश्नच येत नाही.

उंचावर राहत असाल तर हवा विरळ असते आणि तेवढ्याच आचेसाठी भोक जास्त उघडावं लागतं. बॅरलला हे जास्त जाणवतं, कारण त्यात बहुधा खालचं एकच भोक हाताशी असतं.

एक नावडती गोष्ट. चरबी निखाऱ्यावर जळून जो धूर होतो त्यात पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन ही आरोग्याला घातक समजली जाणारी संयुगं असतात आणि ते मांसावर बसतात. वॉटर स्मोकरमध्ये परात हा मार्ग बराचसा बंद करते. आठवड्यातून दोनदा धुरातलं मांस खाणाऱ्या घरात हा मुद्दा परातीच्या बाजूने जातो.

घ्यायचा की बनवायचा

५५ गॅलनचा, म्हणजे २०८ लिटरचा पोलादी ड्रम घेऊन बॅरल स्वतः बनवणारे पुष्कळ आहेत, आणि या स्पर्धेत बॅरलचा मोठा फायदा हाच आहे. परातवाला स्मोकर कुणी सहसा घरी बनवत नाही. ड्रममध्ये आधी खाण्याचाच माल होता याची खात्री हवी. रसायनांचा ड्रम कितीही धुतला तरी नको. जस्ताचा मुलामा असलेला नको, कारण तापल्यावर जस्ताचा धूर होतो. आत रंगाचं किंवा रेझिनचं अस्तर असेल तर मोठा जाळ करून ते पुरतं जाळून, घासून काढावं लागतं. टोपली तळापासून थोडी वर, म्हणजे राख साठून हवा अडणार नाही. जाळी टोपलीच्या सुमारे ६० सेंटिमीटर वर.

विकतचा असो की घरचा, तो पेटवायचा उघड्यावर. गच्चीवरच्या बंद खोलीत, गॅरेजमध्ये किंवा पावसात आडोशाला म्हणून आत ओढून घेतलेला कोळसा कार्बन मोनॉक्साइडने जीव घेतो, आणि त्या वायूला वास नसतो.

पहिल्यांदा मांस न चढवता पेटवा. १३५ वर आला की सगळी भोकं बंद करा आणि झाकण नीट दाबून बसवा. तास-दीड तासात तापमान ठळकपणे उतरायला हवं. नाही उतरलं तर हवा कुठूनतरी आत शिरतेय. धूर कुठून झिरपतो ते बघून ती फट उष्णता सोसणाऱ्या पट्टीने बुजवा, मगच आकडे हातात घ्या.