दोन्ही गाड्या इलेक्ट्रिक कराव्यात का? आमच्या घरचा पेट्रोल-ईव्ही हिशोब

आमच्या घरी दोन गाड्या, एक माझी, रोज कोथरूड ते हिंजवडी पळणारी, आणि दुसरी मोठी, जी आठवडाभर कव्हर घालून उभी असते आणि महिन्यातून एकदा सगळ्यांना घेऊन दापोलीला सासरी जाते. माझी गेल्या वर्षी इलेक्ट्रिक घेतली, मोठी अजून पेट्रोलच आहे, आणि "दोन्ही एकदमच बदलू का" असं विचारणारे इतके झालेत की एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी पैसे. माझं रनिंग महिन्याला १००० किमी. जुनी हॅचबॅक ट्रॅफिकमध्ये लिटरला १५ द्यायची, पेट्रोल १०४ धरलं तर जवळपास ६९०० रुपये. आत्ताची गाडी युनिटला ७ किमी जाते, चार्जिंग करताना थोडी वीज वाया जाते ती धरून महिन्याला १६० युनिट. इथे बरेच जण चुकतात, युनिटला ७-८ रुपये धरतात, पण हे युनिट घरच्याच मीटरवर चढले की महावितरणचा वरचा स्लॅब लागतो आणि जादाचं युनिट १४-१५ रुपयांनाही पडतं. तरी २४०० च्या आतच. म्हणजे महिन्याला साडेचार हजार वाचतात, वर्षाचे ५४०००, आणि घेताना जास्त मोजलेले तीन लाख साडेपाच-सहा वर्षांत निघतात, बॅटरीची वॉरंटी तोपर्यंत असते (बऱ्याच गाड्यांना ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी).

आता मोठी गाडी. तिचं रनिंग जेमतेम ४०० किमी, महिन्याला ३५०० चं पेट्रोल. ईव्ही केली तर अर्धं चार्जिंग बाहेरच्या फास्ट चार्जरवर, ते अजून महाग, म्हणजे वाचणार दोन हजार. फरक चार लाखांचा असेल तर सोळा-सतरा वर्षं लागतील, एवढी तर गाडीच ठेवत नाही आपण. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ईव्हीचा आधीपासून ५ च आहे, त्यामुळे छोट्या गाड्यांत दोघींच्या किमतीतलं अंतर उलट वाढलंय. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर ईव्हीला टोलमाफी राज्याच्या २०२५ च्या धोरणात आहे, ज्यांचं मुंबईला सारखं जाणं-येणं आहे त्यांनी ती जरूर हिशोबात धरा, आम्ही ताम्हिणीतून जातो, आम्हाला त्याचा उपयोग नाही.

चालवायला मात्र ईव्हीच. क्लच नाही, हिंजवडीच्या जॅममध्ये पाय दुखत नाही, ताम्हिणी उतरताना मोटरच गाडीचा वेग आवरते आणि त्यातून वीज बनवते, त्यामुळे ब्रेकवर पाय क्वचितच जातो आणि बॅटरीचे टक्के वाढताना दिसतात. सर्व्हिसिंगमध्ये इंजिन ऑइल वगैरे काहीच नाही, फक्त गाडी जड असल्याने टायर लवकर झिजतात.

पण माझ्या मते खरा निर्णय गाडीचा नाहीच, गाडी रात्री जिथे उभी राहते त्या जागेचा आहे. आमच्या सोसायटीत मीटरपासून पार्किंगपर्यंत ३५ मीटर ६ स्क्वेअर एमएमची केबल ओढावी लागली, आणि कमिटीची परवानगी मिळेपर्यंत दोन महिने गेले, तोवर मी एक दिवसाआड फास्ट चार्जरवर रांगेत, तेव्हा खरंच वाटलं उगाच घेतली. तुमचं पार्किंग स्वतःचं नसेल, रस्त्यावर लावत असाल, तर आत्ता पेट्रोलच ठेवा.

दापोलीचा अनुभव तर प्रत्येकाने आधीच वाचावा असा आहे. माझीच गाडी घेऊन गेलो, पोचलो तेव्हा २२ टक्के, सासऱ्यांनी ओटीवरचा मोटारपंपाचा सॉकेट दाखवला, प्लग लावला तर चार्जरवर लाल दिवा. दुसऱ्या दिवशी वायरमन आला, टेस्टर लावून म्हणाला, "वहिनी, घराला अर्थिंगच नाहीये." अर्थिंग म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी तार, ती नसेल तर गाडीचा चार्जर सुरूच होत नाही; पंप, फ्रिज, टीव्ही मात्र इतकी वर्षं तसंच चाललेलं. मग अंगणात जांभा फोडून खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा, आणि संध्याकाळी हिरवा दिवा लागला. खड्ड्यात ओल असेल तरच अर्थिंग नीट चालतं आणि मे महिन्यात तो कोरडा पडतो, तेव्हा सासूबाई आता तुळशीला घातल्यावर उरलेलं पाणी तिथे ओततात.

त्यामुळे जी रोज पळते आणि रात्री घरी येते ती आधी बदला, दुसरीची घाई नको. आमची मोठी आठ वर्षांची आहे, टायर नुकतेच टाकलेत, ती अजून तीन-चार वर्षं चालवणार. दापोलीला मात्र १५ अँपिअरचा वेगळा सॉकेट आत्ताच बसवून घेतलाय.