'एजा' : पावसाळ्यापासून गड्ड्यापर्यंत ऐकल्यानंतर

स्टीली डॅन या अमेरिकन बँडचा 'एजा' हा अल्बम मी पावसाळ्याच्या तोंडावर लावला आणि आमच्या सोलापुरातली जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उलटून गेली तरी तो अजून रोजच्या ऐकण्यात आहे. सात गाणी, सगळी मिळून जेमतेम चाळीस मिनिटं. इतक्या महिन्यांत काय हाती लागलं ते लिहून ठेवते, कारण पहिल्या आठवड्यात हा अल्बम जसा वाटतो तसा तो नाही, आणि तेवढ्यावरच मत बनवून तो बाजूला ठेवणारे माझ्याच ओळखीत आहेत.

मी कोण, ते आधी सांगते, म्हणजे माझ्या मताला किती वजन द्यायचं ते ज्याचं त्याला ठरवता येईल. जुळे सोलापुरात मी कीबोर्डच्या शिकवण्या घेते आणि हुतात्मा स्मृती मंदिर या इथल्या नाट्यगृहात जुन्या गाण्यांचे कार्यक्रम होतात त्यांत वाजवते. पेटी घरातच शिकले. कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायचे सूर, मात्र कार्यक्रमांच्या गरजेपोटी, कानाने उचलत गेले. जॅझचं रीतसर शिक्षण नाही. रॉक ऐकायचे, पण त्यात गिटारचा आवाज जितका मोठा तितकं गाणं खरं, अशी समजूत करून घेतलेल्या मित्रमंडळींत ऐकायचे.

त्या मंडळींना 'एजा' गुळगुळीत वाटला. मोठ्या हॉटेलच्या लॉबीत हळू आवाजात लावून ठेवतात तसलं काहीतरी. त्यांचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. यात कोणी ओरडत नाही, गिटार अंगावर येत नाही, ड्रम कुठे दणदणत नाहीत. सगळं पुसून, घासून, जागच्या जागी. पण मुलांना शिकवता शिकवता मी गाणी कीबोर्डवर काढायला बसले तेव्हा हात थांबले. सूर सहज गुणगुणता येतो, खाली कॉर्ड काय आहे ते मात्र सापडत नाही. माझा बारावीतला एक विद्यार्थी यातलं 'पेग' हे गाणं दोनदा ऐकून घरी जाताना तेच गुणगुणत गेला आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "ताई, गाणं येतंय, पण स्केलच सापडंना." माझ्या मते या अल्बमची सगळी करामत त्या एका वाक्यात आली. जे अवघड आहे ते त्यांनी ऐकणाऱ्याच्या अंगावर येऊ दिलेलं नाही. वाजवायला बसलेल्याला मात्र ते पुरतं भेटतं.

डोनाल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर १९६७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजात भेटले. दोघेही जॅझ ऐकून वाढलेले. बँड म्हणून सुरुवात केली, पण १९७४ नंतर दौरे बंदच केले आणि स्टुडिओत बसून फक्त गाणी घडवायची असं ठरवलं. 'एजा' आला सप्टेंबर १९७७ मध्ये. तोवर बँड म्हणून उरले होते हे दोघेच, बाकी सगळे त्या त्या गाण्यासाठी बोलावलेले वादक. सात गाण्यांना सहा ड्रमर आहेत. 'ब्लॅक काऊ'ला पॉल हम्फ्री, 'एजा' याच नावाच्या शीर्षकगीताला स्टीव्ह गॅड, 'पेग'ला रिक मरोटा, 'आय गॉट द न्यूज'ला एड ग्रीन, 'जोसी'ला जिम केल्टनर. फक्त बर्नार्ड पर्डी दोन गाण्यांत आहे. बेस मात्र एक सोडून सगळीकडे चक रेनीचा, आणि ते एक गाणं, 'डिकन ब्लूज', त्यात बेस स्वतः बेकरने धरला आहे.

कव्हरच्या आत हे सगळं गाण्यागणिक छापलेलं आहे. आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्डवर संगीतकार, गीतकार, गायक एवढी नावं असायची. मधला तो जीवघेणा सॅक्सोफोन कोणाचा, हे वादकांच्या तोंडून ऐकलं तरच कळायचं. मी स्वतः मागच्या रांगेत बसून वाजवणारी आहे, त्यामुळे या छापील यादीचं मला फार अप्रूप आहे. कोणत्या गाण्याला कोणाचा हात हवा, याची निवड ही इथे संगीतरचनेचाच भाग आहे, आणि यादी हाताशी धरून ऐकलं की ती निवड स्वच्छ दिसते.

आता कॉर्डकडे येते, कारण माझे सगळ्यात जास्त तास तिथे गेले. यांची एक लाडकी कॉर्ड आहे, तिला ते दोघे 'म्यू मेजर' म्हणत. पेटी असेल तर आत्ता करून बघा. पांढरी एकला सा धरा. सा, ग, प दाबले की आपली नेहमीची मेजर कॉर्ड. त्यात रे घाला, पण त्याच सप्तकातला, गला खेटून असलेला. रे आणि ग एकमेकांना घासतात. थोडं खटकतं, पण त्या खटक्यातूनच एक उजेड येतो. आता तोच रे उचलून वरच्या सप्तकात न्या. कॉर्डमधले सूर तेच, पण धार गेली, नुसती गोड झाली. त्यांची सगळी मेहनत कोणते सूर यापेक्षा ते कुठे ठेवायचे यावर आहे. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर डोक्यावरून गेलं असतं. महिनाभर बोटांनी केल्यावर कळलं, आणि तेव्हापासून माझ्या डाव्या हाताची सवयच बदलली. जुन्या मराठी भावगीताला साथ करतानाही आता मी सूर एकमेकांच्या किती जवळ ठेवायचे ते आधी ठरवते.

'पेग'चं कोडं सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ऐकताना हे नाचतं, हलकं, पॉप गाणं आहे. पण त्याच्या कडव्याचा सांगाडा आहे बारा बारचा (बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन) ब्लूज, म्हणजे अमेरिकन संगीतातला खूप जुना, खूप घासून वापरलेला साचा. साध्या ब्लूजमध्ये पहिले चार बार तुम्ही एकाच कॉर्डवर ठाण मांडून बसता. इथे त्या जागी मध्यमावरची कॉर्ड येते आणि षड्जावर टेकते, पुन्हा येते, पुन्हा टेकते. पुढे ब्लूज मध्यमाच्या कॉर्डवर जातो तिथेही हाच खेळ, एक मजला वर. त्यामुळे ब्लूज आहे तिथेच राहतो आणि कानाला ब्लूज म्हणून लागत नाही. मी आधी नुसत्या साध्या ब्लूजच्या कॉर्ड वाजवून त्यावर सूर गाऊन बघितला. बसतो! मग एकेक कॉर्ड बदलत मूळ गाण्यापर्यंत आले. शिकवणीतल्या मोठ्या मुलांना आता हाच धडा देते. जॅझ म्हटलं की घाबरणारी मुलं यात रमतात, कारण सुरुवात तीन कॉर्डवर होते.

याच गाण्यातला गिटारचा तुकडा जे ग्रेडनने वाजवला आहे. त्याच्या आधी अनेक नामी गिटारवादकांनी तोच तुकडा वाजवला आणि या दोघांनी ते सगळे टेक बाजूला ठेवले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ऐकताना कारण समजतं. ब्लूज लपवलेल्या गाण्यात नुसते ब्लूजचे ठरीव फिरके वाजवले असते तर सोंग उघडं पडलं असतं, आणि नुसतं जॅझ वाजवलं असतं तर नाच थांबला असता. ग्रेडनच्या ताणलेल्या तारांत दोन्ही आहे. मागे मायकल मॅकडोनाल्डचे आवाज एकावर एक रचलेत, इतके जवळजवळच्या सुरांत की कोरसला हात घालण्यापूर्वी आमच्या गायिकांनी मला दोनदा विचारलं, हे खरंच असंच आहे का.

ठेक्याबद्दल माझ्यापेक्षा आमच्या तबल्याच्या काकांचं ऐका. तालमीला मी 'होम अ‍ॅट लास्ट' लावलं. पर्डीचा तो नावाजलेला शफल, म्हणजे झुलता ठेका. काकांनी एकदा डोळे मिटून ऐकलं, मग मांडीवर बोटं चालवायला लागले. चार मात्रा, प्रत्येक मात्रेचे तीन भाग, म्हणजे तिस्र जाती. पहिला आणि तिसरा भाग हायहॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर. मधला भाग स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवर, पण इतका दबका की वाजला की नुसता शिवला ते सांगता येऊ नये. आणि खणखणीत ठोका फक्त तिसऱ्या मात्रेवर, त्यामुळे लय आहे त्याच्या निम्मीच वाटते. काका म्हणाले, "ते मधलं बोट ऐक की. वाजवतोय बी आणि लपवतोय बी." पुढचा सगळा वेळ त्यांनी त्या मधल्या बोटातच घालवला, कार्यक्रमाची तालीम राहिली बाजूला. गाण्यात सायरनांच्या गाण्याने वेड लागू नये म्हणून डोलकाठीला बांधून घेतलेल्या युलिसीसचा संदर्भ आहे. लाटेसारखा पुढे-मागे होणारा हा ठेका त्याला चपखल बसतो.

शीर्षकगीत जवळपास आठ मिनिटांचं आहे. पहिल्या महिन्यात मी ते पुढे ढकलायचे. आता त्याच्यासाठी वेगळा वेळ काढते. मध्ये वेन शॉर्टरचा टेनर सॅक्सोफोन येतो. साठच्या दशकात जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकात असलेला, पुढे वेदर रिपोर्ट हा जॅझ बँड उभा करणाऱ्यांपैकी एक. रॉकच्या रेकॉर्डवर एवढ्या ताकदीचा जॅझवादक पाहुणा म्हणून बोलवायचा आणि दोन ओळी वाजवून घ्यायच्या, असं बरेच करतात. इथे त्याला मैदानच मोकळं करून दिलं आहे, आणि समोर स्टीव्ह गॅडला सोडलं आहे. सॅक्सोफोन जितका संथ, लांब सुरांवर रेंगाळतो, तितके ड्रम त्याच्याखाली उकळत जातात. गायक-तबला सवाल-जवाबाची सवय असलेल्या कानाला आधी हे उलटं वाटतं, कारण इथे ड्रम उत्तर देत नाहीत, ते स्वतःचंच बोलणं वाढवत नेतात. आणि तरीही दोघे एकाच क्षणी परत गाण्यात येतात. ही जागा मी अनेकदा मागे घेऊन ऐकली, अजून पुरती उलगडलेली नाही.

'डिकन ब्लूज' हे माझं सगळ्यात आवडतं. उपनगरात राहणारा एक माणूस, सॅक्सोफोन शिकेन, रात्रभर जागेन, मनासारखा जगेन असं स्वप्न बघतो, आणि त्याला जिंकायचं नाहीये, हरणाऱ्यांतलाच एक म्हणून त्याला एक भारदस्त नाव हवं आहे. कॉर्ड पायरी पायरीने खाली उतरतात आणि सूर मात्र मान वर ठेवून चालतो. सॅक्सोफोन पीट क्रिस्टलीबचा. तो टीव्हीवरच्या 'टुनाइट शो'च्या बँडमधला पगारी वादक होता, आणि तिथलंच वादन ऐकून त्याला बोलावलं गेलं. रोज दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवणाऱ्या माणसाकडून त्या स्वप्नाळू माणसाचा सॅक्सोफोन वाजवून घेणं, यात फार मोठी समज आहे. सोलापुरात लग्नाच्या सुपाऱ्या वाजवत आयुष्य गेलेले किती वादक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांतल्या दोघांना मी हे गाणं अर्थ सांगून ऐकवलं. एकाने लगेच "परत लाव" म्हटलं.

कमी काय आहे, तेही लिहिते. 'आय गॉट द न्यूज' बाकीच्यांच्या मानाने फिकं आहे, त्यातला पियानो सुंदर असूनही. गाण्यांचे शब्द बरेचदा आडवळणाचे असतात, इंग्रजी उत्तम असूनही अर्थ निसटतो. फेगनचा आवाज कोरडा, नाकातून येणारा. लताबाईंच्या आवाजावर वाढलेल्या कानाला तो लगेच जवळ घेत नाही. मला त्या आवाजाची सवय व्हायला दिवाळी उजाडली. आता तो बदलावा असं वाटत नाही, कारण एवढ्या श्रीमंत कॉर्डवर रसाळ आवाज आला असता तर सगळं पाकात बुडालं असतं.

वाजवायच्या साधनाबद्दल. फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका, चक रेनीचा बेस त्यात नाहीसाच होतो आणि अर्धं गाणं त्या बेसमध्ये आहे. साधे वायरचे इअरफोनही चालतात. पंखा पाचवर असताना बारीकसारीक जागा हरवतात, म्हणून मी पहाटे ऐकते. एलपीही मागवली होती. ती वाकलेली आली आणि विक्रेत्याने हात झटकले, त्यामुळे एलपी घेणाऱ्यांनी पाहून, हातात घेऊन घ्यावी. काळं कव्हर, त्यातून पुसट उमटलेली सायोको यामागुची ही जपानी मॉडेल आणि लाल-पांढऱ्या कापडाची एक पट्टी, हे हिदेकी फुजीचं छायाचित्र मोठ्या आकारातच बघण्यासारखं आहे.

ध्वनिमुद्रणासाठी या अल्बमला १९७८ मध्ये ग्रॅमी मिळालं, आणि साऊंडची माणसं स्पीकर तपासायला तो लावतात असं ऐकून होते. हुतात्माला कार्यक्रमाआधी साऊंडवाल्या दादांना मी फोनवरून 'पेग' लावायला दिलं. बेसचा प्रत्येक सूर सारखाच ऐकू यायला हवा होता, तिथे एकच सूर घुमत होता. दादांनी डेस्कवर त्या सुराच्या आसपासचा आवाज खाली घेतला आणि त्या संध्याकाळी माझा डावा हात पहिल्यांदा शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला. आता ते स्वतःच विचारतात, "ताई, ते तुमचं गाणं आणलंय का?"

नव्याने ऐकणाऱ्यांनी अल्बमच्या क्रमाने जाऊ नये, असं मी सुचवेन. आधी 'पेग', मग 'जोसी', मग 'डिकन ब्लूज' दोन-तीन दिवस. 'होम अ‍ॅट लास्ट' तबला किंवा ढोलकी वाजवणाऱ्या कोणाच्या तरी सोबत ऐका. शीर्षकगीत सगळ्यात शेवटी. वाजवणाऱ्यांनी कॉर्डचे कागद इंटरनेटवरून उतरवायची घाई करू नये. बरेच चुकीचे आहेत, आणि बरोबर असले तरी सूर कुठे ठेवायचा ते त्यात नसतं. आधी बेस कानाने काढा, मग वरचा सूर, मधलं सगळ्यात शेवटी. ज्यांना यांच्या गाण्यातला जॅझ आणखी उघडपणे बघायचा आहे त्यांनी यांचंच १९७४ चं 'रिकी डोंट लूज दॅट नंबर' लावावं आणि लगेच त्यामागे जॅझ पियानोवादक होरेस सिल्व्हरचं 'साँग फॉर माय फादर'. सुरुवातीचा बेस ऐकलात की नातं सांगावं लागणार नाही. माझ्या शिकवणीत पुढच्या महिन्यात हेच दोन्ही लागोपाठ लावणार आहे, त्यानंतर यांचा १९८० चा 'गौचो' हा अल्बम हातात घेईन.