नागपूरच्या काटोल रोडवरचा चाचांचा घोड्यांचा तबेला: लेकीच्या रायडिंग क्लासचा सात महिन्यांचा अनुभव

मागच्या दिवाळीनंतर माझी लेक इथं घोडेस्वारी शिकायला लागली, आता सात महिने होत आले, आणि तिच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या आया रोज विचारून राहिल्या की कसं आहे, सेफ आहे का, पाठवू का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. थोडं लांबेल.

आधी आम्ही गावातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही. फोटो छान, हेल्मेट नवीन कोरी, कॅन्टीन पण होतं. पण तिथल्या पोराने खोगीर काढलं तेव्हा घोड्याच्या पाठीवर दहाच्या नाण्याएवढी जखम दिसली आणि तो म्हणे काही होत नाही मॅडम, त्याला सवय आहे. लेक चढलीच नाही, मीही पैसे मागितले नाही, तशाच परत आलो. दोन महिने तिने घोड्याचं नावच काढलं नाही.

मग कोणीतरी या चाचांचं सांगितलं. काटोल रोडने फेटरीच्या बाजूला आत कच्चा रस्ता आहे, तिथं सहा घोडे, पत्र्याचं शेड, एक मोठं कडुनिंबाचं झाड आणि एक मातीचं रिंगण, बस. बोर्ड नाही. पहिल्याच दिवशी चाचांनी सांगितलं की पहिले चार क्लास बसायचं नाही, फक्त खरारा करायचा (म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करायचं), पाणी पाजायचं, लीद उचलायची, खूर साफ करायला शिकायचं. मला खरं सांगते, राग आला होता, फी भरून लीद कायले उचलायची? तर ते म्हणाले, "बिटिया को जिसकी पीठ पे बैठना है, पहले उसकी पीठ तो देखने दो." जखमेचा किस्सा मी त्यांना सांगितलाही नव्हता.

आता क्लासबद्दल. चाचा रोज खोगीर टाकायच्या आधी घोड्याच्या पाठीवरून उलट्या हाताने हात फिरवतात, मानेपासून कंबरेपर्यंत, हळूहळू, कुठं कातडी थरथरली तर त्या दिवशी त्या घोड्यावर कोणीच बसत नाही, बुकिंग असो की काही असो. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळला की त्यात दोन बोटं जातात का ते मुलांकडूनच बघून घेतात. चंदी, म्हणजे दाणा, खाल्ल्यावर तास-दीड तास स्वारी नाही, कारण घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गडबड झाली तर जिवावर बेततं. हे सगळं आता माझ्या अकरा वर्षांच्या पोरीला पाठ आहे. खोगीर, तंग, रिकीब, तोबरा, नाल हे शब्द पण घरात येऊन राहिले, माझ्या सासऱ्यांना इतका आनंद झाला, ते म्हणाले हे आमच्या लहानपणी इतवारीतल्या टांगेवाल्यांच्या तोंडचे शब्द. सगळे फारसी-अरबीतून आलेले, पण आपल्या मराठीत इतके मुरलेले की वेगळे वाटतच नाही.

आणि मला जे खरं सांगायचं आहे ते इथून पुढे. चाचा घोडे सांभाळतात तो नुसता धंदा म्हणून नाही. जानेवारीतली गोष्ट, सकाळी साडेसहा, धुकं, मी चहाचा थर्मास घेऊन उभी. मुर्तजिझ नावाचा त्यांचा म्हातारा घोडा आहे (पैगंबरांच्या एका घोड्याचं हे नाव, खिंकाळणं सुंदर होतं म्हणून ठेवलेलं, पोट्टे त्याला मुर्तू म्हणतात), त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. चाचांनी खांद्यावरचा स्वतःचा धुतलेला पांढरा रुमाल काढला, ज्याने ते नमाजच्या आधी तोंड पुसतात तोच, आणि घोड्याचे डोळे, मग नाकाच्या बाजूचा चिकट भाग, मग ओठांच्या खालचे केस असं सावकाश पुसलं. बाजूला खुंटीवर फडकं लटकत होतं. मी विचारलं, फडकं आहे ना चाचा? तर म्हणाले की हुजूर पैगंबर एकदा आपल्या घोड्याचं तोंड आपल्या चादरीने पुसताना दिसले, लोकांनी विचारलं हे काय, तर म्हणाले की घोड्यांच्या बाबतीत रात्री मला ताकीद मिळाली. इमाम मालिकच्या मुवत्ता या संग्रहात ही हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, आहे. चाचा म्हणाले, ज्यांनी स्वतःच्या चादरीने पुसलं त्यांच्या उम्मतीतला, म्हणजे त्यांना मानणाऱ्यांतला मी, मी फडकं वापरू?

त्या दिवसापासून मी जरा जास्त विचारायला लागले. इथं कुठल्याच घोड्याची आयाळ किंवा कपाळावरची झुलपं कापलेली दिसणार नाहीत, स्टाइलसाठी पण नाही. त्याचं कारण पण हदीसच: घोड्याच्या कपाळावरच्या केसांना कयामतपर्यंत खैर, म्हणजे भलाई, बांधलेली आहे. बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहे. आणि अबू दाऊदच्या संग्रहामध्ये केस कापायची मनाईच आहे, शेपटी म्हणजे त्याचा माशा हाकलायचा पंखा, आयाळ म्हणजे त्याची ऊब. किती साधं आणि किती घोड्याच्या बाजूने! मी मे महिन्यात माशा बघितल्या ना, तेव्हा त्या शेपटीचं मोल कळलं.

लग्नाच्या सीझनमध्ये वरातीसाठी लोक गाड्या घेऊन यायचे, एका माणसाने माझ्यासमोर एका रात्रीचे जे पैसे सांगितले ते ऐकून मी चाट पडले. चाचांनी नाही म्हटलं. डीजेपुढे घोडं नाचवायचं नाही. मग त्यांनी मला तीन घोड्यांची हदीस सांगितली. एकाचा घोडा पुण्य असतो, एकाचा पडदा, एकाचं ओझं. अल्लाच्या वाटेवर बांधला त्याचं सगळंच पुण्यात मोजलं जातं, लांब दोरीने कुरणात जेवढं चरला तेवढं, दोरी तोडून एखादी टेकडी ओलांडून पळाला तर त्याच्या टापांचे ठसे आणि लीदसुद्धा, आणि नदीवरून जाताना मालकाच्या मनात नसताना पाणी प्यायला तर तेही. दुसरा पोटापाण्यासाठी, कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून ठेवतो, पण घोड्याच्या मानेचा आणि पाठीचा हक विसरत नाही, त्याला तो घोडा पडदा, म्हणजे गरिबी झाकणारा आडोसा. तिसरा मिरवायला, घमेंडीसाठी ठेवतो, त्याला तो ओझं. चाचा म्हणाले मी दुसऱ्यातला, फी घेतो, घर चालवतो, पण "गर्दन और पीठ का हक" माझ्याकडून मागितला जाणार आहे. पाठीवरून उलटा हात कशाला फिरवतात ते मला तेव्हा समजलं.

त्यांच्या खोलीत एक सूरह फ्रेम करून लावलेली आहे, कुराणातली शंभरावी, अल-आदियात. अर्थ विचारला तर ती सुरूच होते धापा टाकत धावणाऱ्या घोड्यांची शपथ घेऊन, टापांतून ठिणग्या उडवणारे, पहाटे धूळ उडवत शत्रूत घुसणारे. आणि मग पुढे म्हणते की माणूस आपल्या पालनकर्त्याशी कृतघ्न आहे. चाचा म्हणाले, मूठभर चंदीसाठी घोडा जीव देतो, आम्हाला देणाऱ्याने एवढं दिलं तरी आम्ही विसरतो. आपल्याकडे खंडोबाच्या घोड्याला हात जोडतात, दसऱ्याला घोड्याची पूजा होते, मी त्यातच वाढलेली, त्यामुळे हे ऐकताना मला कुठंच परकं वाटलं नाही.

लेकीची आवडती गोष्ट मात्र वेगळी आहे. पैगंबरांच्या पत्नी बीबी आयेशांच्या खेळण्यांत एक कापडी पंखांचा घोडा होता, पैगंबरांनी विचारलं घोड्याला पंख? तर त्या म्हणाल्या, तुम्ही ऐकलं नाही का, सुलेमान पैगंबरांच्या घोड्यांना पंख होते! आणि पैगंबर इतके हसले की दाढा दिसल्या. लेकीने त्याच संध्याकाळी कार्डबोर्डचे पंख कापून मुर्तूच्या खुंटीला लटकवले, ते अजून तिथंच आहेत.

शिकवण्याची पद्धत हळू आहे, हे आधीच सांगते. तीन महिने तर ती नुसती कदम आणि दुडकीवरच, म्हणजे घोडा चालवणं आणि हळू पळवणं यावरच होती. नवीन मूल आणि नवीन घोडा एकत्र कधीच नाही, आणि कच्च्या घोड्याला लहान फेरी, तयार घोड्याला मोठी. यालाही त्यांच्याकडे आधार आहे, पैगंबरांनी मदिनेत शर्यती लावल्या तेव्हा तयार केलेल्या घोड्यांना पाच-सहा मैल आणि न केलेल्यांना साधारण एकच मैल पळवलं होतं. ज्यांना पंधरा दिवसांत पोरगी भरधाव पळवताना व्हिडिओ हवा त्यांनी येऊ नका. घोडे ते बहुतेक सारंगखेड्याहून आणतात, दत्तजयंतीच्या यात्रेतून, दरवर्षी न चुकता जातात. दोन घोड्या काठियावाडी आहेत, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, बघत राहावं.

कमी काय आहे ते पण लिहिते. बायकांसाठी टॉयलेट नीट नाही, मी दोनदा बोलले, बांधतो म्हणाले, अजून झालं नाही. हेल्मेट तीनच साइजमध्ये आहेत, लहान मुलांसाठी स्वतःचं घेऊन या. कच्च्या रस्त्याने पावसाळ्यात स्कूटी घसरते. मोठ्या माणसांना वजन विचारतात, माझ्या दिराला ९२ किलो म्हटल्यावर सरळ नाही म्हणाले, तो थोडा नाराज झाला पण मला बरोबर वाटलं. शुक्रवारी दुपारी बंद.

फी महिन्याला बारा क्लासचे ५००० रुपये, एकदाच यायचं तर अर्ध्या तासाचे ५००. आता उन्हाळ्यात सकाळी साडेपाच ते सात एवढंच, सात वाजले की संपलं, पारा ४५ ला जातो आपल्याकडे. मागच्या रविवारी पुण्याहून आलेली एक फॅमिली आठला पोचली, चाचांनी पैसे परत केले, पाणी-सरबत दिलं आणि पोरांना शेडमध्ये घोड्यांच्या अंगावर बादलीने पाणी टाकायला लावलं, ती पोरं जायला तयार नव्हती. फोन ते फार उचलत नाहीत, सरळ पहाटे जा. आणि घोड्याला द्यायला गाजर न्यायचं असेल तर आधी चाचांना दाखवा, लांब फोडी केलेली, चौकोनी तुकडे चालत नाहीत, घशात अडकतात.