‘आम्ही हॉस्पिटल नाही, फक्त केअर सेंटर आहोत’

आईच्या खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं. त्या हॉस्पिटलबद्दल माझी काडीची तक्रार नाही. आम्ही फसलो ते त्यानंतरच्या टप्प्यावर. हॉस्पिटलला बेड रिकामा हवा असतो, पेशंटला घरी नेण्यासारखी परिस्थिती नसते, आणि नेमकं तेव्हाच डिस्चार्जच्या काउंटरपाशी कुणीतरी एक गुळगुळीत माहितीपत्रक हातात ठेवतं. ‘ऑपरेशननंतरचं नर्सिंग, चोवीस तास प्रशिक्षित स्टाफ, रोज डॉक्टरांची व्हिजिट, दोन वेळा फिजिओ.’ महिन्याला ४५ हजार, तेवढंच डिपॉझिट, औषधं आणि डायपर वेगळे. आई ७८ वर्षांची, मधुमेह जुना. भाऊ-वहिनी नाशिकला, मी पुण्यात, पण चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. असा पेशंट कुठल्या घरातला आहे हे त्या पत्रकवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

जागा म्हणजे महापालिका हद्दीतला एक जुना बंगला. अठरा खाटा. रिसेप्शनच्या भिंतीवर दोन सर्टिफिकिटं फ्रेम करून लावलेली: एक आयएसओचं, एक शॉप ॲक्टचं. शॉप ॲक्टचं लायसन किराणा दुकानालाही मिळतं. जिथे आजारी, जखमी किंवा दुबळ्या माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा केली जाते, त्या जागेची महाराष्ट्रात १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, आणि ते प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल असं लावावं लागतं. जानेवारी २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनदही दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. त्या भिंतीवर यातलं काहीच नव्हतं.

रोज सकाळी व्हॉट्सॲपवर आईचा फोटो यायचा. केस विंचरलेले, तोंडाला पावडर, गळ्यापर्यंत पांघरूण. भेटायची वेळ संध्याकाळी एक तास. पांघरूण काढायचं नाही, इन्फेक्शन होईल. आई बोलायची कमी, ते गुंगीच्या गोळ्यांमुळे असं सांगण्यात आलं. दिवाळीत वहिनी आली आणि अभ्यंगस्नान नाही तर निदान उटणं लावते म्हणून हट्टच धरून बसली. कूस वळवली तेव्हा माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम दिसली, मधला भाग काळा पडलेला. वासावर उतारा म्हणून खोलीत डेटॉल शिंपडत होते हे तेव्हा लक्षात आलं.

इनचार्ज बाईंचं उत्तर तयार होतं. “वय झालंय ना ताई, शुगर पण आहे. असं होतंच.”

मधुमेहाने जखम लवकर भरत नाही हे खरं. पण अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, कातडी कोरडी ठेवायची, एअर मॅट्रेस चालू ठेवायची, हे नर्सिंगचं अगदी प्राथमिक काम आहे, आणि शुगर असेल तर जास्तच काटेकोरपणे करायचं. एअर मॅट्रेसचं भाडं आमच्या बिलात रोज लागलेलं होतं. गादी होतीही, पण पंपाचा प्लग काढून त्या जागी कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. वहिनीने त्याचाही फोटो काढून ठेवला, ती भारी आहे.

दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये हलवायचं ठरल्यावर ॲम्ब्युलन्स दारात उभी असताना एक इंग्रजी कागद पुढे आला. नातेवाइकांच्या आग्रहावरून डिस्चार्ज, सेवेबद्दल कोणतीही तक्रार नाही. सही केली तर डिपॉझिट लगेच, नाहीतर ‘अकाउंट्स बघतील’. भावाने सही केली, पण सहीच्या वरती मराठीत लिहिलं: ‘जखमेबद्दल आम्हाला आज दिसेपर्यंत काहीही सांगितलेलं नव्हतं. फाईलची प्रत मिळालेली नाही.’ खाली तारीख आणि वेळ. आणि त्या कागदाचा फोटो. बाई चिडल्या, डिपॉझिट आजतागायत आलेलं नाही, पण त्या दोन ओळी आमच्या वकिलांना फार आवडल्या. नव्या हॉस्पिटलमध्ये भरती करताना तिथल्या डॉक्टरांनीच जखम कुठे, केवढी, किती खोल, आणि ती भरतीच्या वेळीच होती, असं केसपेपरवर लिहिलं. त्यांना स्वतःची कातडी वाचवायची असते, त्यामुळे ते लिहितातच. नाही लिहिलं तर लिहून मागा.

मग फाईल. पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. भरती पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं जपायचंही बंधन आहे. आम्ही लेखी अर्ज दिला. पोच द्यायला नकार. तोच अर्ज स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवला. त्यावर जे उत्तर आलं त्यात सगळी फसवणूक एका वाक्यात मावते: “आम्ही हॉस्पिटल नाही, फक्त राहण्याची आणि मदतनिसांची सोय करतो. त्यामुळे वैद्यकीय रेकॉर्ड ठेवण्याचा प्रश्न येत नाही.”

पैसे घेताना नर्सिंग, जाब विचारला की लॉज! बिलात मात्र ‘नर्सिंग चार्जेस’, ‘डॉक्टर व्हिजिट’, ‘ड्रेसिंग’ अशी वेगवेगळी कलमं. ती बिलं आणि ते माहितीपत्रक जपून ठेवा. मी तर म्हणेन, जाहिरात बदलायच्या आत तिचे स्क्रीनशॉट काढा. आमच्या तक्रारीनंतर त्यांच्या जाहिरातीतला ‘नर्सिंग’ हा शब्द गेलाच. महापालिकेच्या आरोग्य विभागात माहितीच्या अधिकारात नोंदणीबद्दल विचारलं, तर त्या नावाने नर्सिंग होमची नोंद नाही, असं लेखी मिळालं.

वकिलांची नोटीस गेल्यावर, जे रेकॉर्ड ठेवतच नव्हते ते अचानक सापडलं. मी बँकेत नोकरी केली, व्हाउचरं तपासण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे ती फाईल बघताना मला हसू आवरेना. सगळ्या तारखांना एकच पेन, एकच हात, रात्रपाळीलाही. बीपी रोज १३०/८०. कूस बदलल्याच्या नोंदी दोन-दोन तासांनी बिनचूक, रविवारी आणि लक्ष्मीपूजनालाही. गंमत अशी की आईला हलवलं त्या दिवशीही ‘दुपारी ४ वाजता कूस बदलली’ आहे. ॲम्ब्युलन्सच्या पावतीवर निघण्याची वेळ सकाळची ११.२० आहे.

याच सुमारास एक गृहस्थ फोन करू लागले. ‘मेडिको-लीगल सल्लागार’. पंचवीस लाख मिळवून देतो, वीस टक्के माझे, त्यातले थोडे आधी. आमचा नंबर त्यांना कुठून मिळाला ते देव जाणे. भरपाईत टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मना आहे, आणि हे गृहस्थ तर वकीलही नव्हते. भरपाईसाठी ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि तिथे वकील लावायची सक्ती नाही. आपण दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी शून्य. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच जायचं, भरपाई कितीही मागितली तरी. मुदत दोन वर्षांची, आणि आजारपण निस्तरण्यात ती कशी सरते ते कळत नाही, म्हणून ही गोष्ट मागे ठेवू नका.

पोलीस चौकीतही गेलो होतो. तिथे सांगितलं की डॉक्टरांच्या निष्काळजीपणाच्या प्रकरणात आधी तज्ज्ञांचा अभिप्राय लागतो. सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून असं आहे, आणि फौजदारीसाठी निष्काळजीपणाही ढळढळीत असावा लागतो. पण इथे रात्री अठरा खाटांना दोन मुली, त्याही शिकलेल्या नर्स नव्हेत, हा प्रश्न डॉक्टरांच्या निर्णयाचा आहे कुठे? म्हणून आम्ही पैशाच्या बदल्यात न दिलेली सेवा, या बाजूने ग्राहक आयोग धरला. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच स्पष्ट केलंय, आणि प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ साक्षीदार लागतोच असं नाही, हे २०१० च्या किशन राव निकालात आहे. ‘रोज व्हिजिट’वाले डॉक्टर होमिओपॅथीचे निघाले. त्यांची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नाही, होमिओपॅथी परिषदेकडे करायची असते. तिथे डॉक्टरवर कारवाई होऊ शकते, पैसे मिळत नाहीत.

आईची जखम साफ करायला ऑपरेशन लागलं, नंतर प्लास्टिक सर्जनकडून कातडी लावावी लागली. ती आता घरी आहे, तळमजल्यावरच्या भाड्याच्या जागेत, आणि वॉकर धरून मोरीपर्यंत जाते. केंद्राने आयोगात जबाब दाखल केलाय: जखम आधीची होती, मधुमेह होता, नातेवाईक भेटायला येत नसत. भेटायच्या रजिस्टरवर माझ्या सह्या आहेत, ते रजिस्टर त्यांच्याच ताब्यात आहे. ते, रात्रपाळीचा हजेरीपट आणि स्टाफच्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची कागदपत्रं हजर करायला लावावीत, असा अर्ज आम्ही दिला आहे. त्यावर त्यांचं म्हणणं पुढच्या तारखेला यायचं आहे.